फ्रेंच टोस्टचा मधला भाग

फ्रेंच टोस्ट जमला की नाही, हे त्याच्या मधल्या भागावरून कळतं. वरचा सोनेरी रंग कोणालाही आणता येतो. तापलेला तवा, थोडं लोणी आणि अंड्यात बुडवलेला ब्रेड एवढं असलं की रंग येतोच. खरी परीक्षा सुरीने मधोमध कापल्यावर होते. कडेला पिवळसर आणि आत पांढरा, कोरडा ब्रेड दिसला, तर अंडं नुसतं बाहेरून लागलंय. आत ओलं, कच्चट काही दिसलं आणि दाबल्यावर दूध सुटलं, तर आच मोठी होती. आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच फिकट पिवळा रंग दिसला, बोटाने दाबल्यावर स्लाइस हलकेच दबून परत वर आला, वाफेबरोबर दूध-लोण्याचा वास आला, की समजावं, आज जमलाय.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी हा पदार्थ वर्षानुवर्षं करत आलोय आणि मला तो साधाच आवडतो. ब्रेड, अंडी, दूध, चिमूटभर मीठ, थोडी साखर, लोणी. कधीमधी व्हॅनिलाचे दोन थेंब सोडले तर यात काही भर घालावी असं मला वाटलेलं नाही, कारण या सहा गोष्टींमध्येच करण्यासारखं इतकं काही आहे की एक सकाळ सहज भरून जाते. करता करता माझं एक मत पक्कं झालं. फ्रेंच टोस्टला आपण टोस्टच्या घरात बसवतो, पण त्याचं गोत्र कस्टर्डचं आहे. अंडी आणि दूध एकत्र करून मंद आचेवर घट्ट होऊ दिलं की कस्टर्ड होतं. इथे ते भांड्यात न होता ब्रेडच्या जाळीत होतं. हे एकदा लक्षात आलं की कुठला ब्रेड घ्यायचा, किती भिजवायचा, आच केवढी ठेवायची, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळायला लागतात.

पहिला प्रश्न ब्रेडचा. तो शिळा हवा, हे सगळेच सांगतात. का हवा, हे मात्र मला उशिरा कळलं आणि कळल्यावर फार आनंद झाला. शिळा ब्रेड म्हणजे वाळलेला ब्रेड, असं आपण धरून चालतो. जाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिलं की ब्रेड हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी जराही बाहेर जाऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतो. आणि तोच ब्रेड पुन्हा गरम केला की बऱ्यापैकी मऊ होतो. म्हणजे शिळेपणा हा निव्वळ पाणी जाण्याचा मामला नव्हे. ब्रेड भाजला जातो तेव्हा पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ पडतात. गार होताना त्यातले लांब रेणू हळूहळू पुन्हा एकमेकांना चिकटून ओळीने बसायला लागतात. ही ओळ जसजशी घट्ट होते, तसतसा ब्रेड कडक लागायला लागतो. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात वेगाने होते आणि फ्रीजरमध्ये जवळजवळ थांबते. म्हणूनच खायचा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात.

फ्रेंच टोस्टसाठी मात्र हाच दोष उपयोगाचा. स्लाइस ताटलीत सुटे पसरून, वर काही न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की दोन गोष्टी एकदम होतात. स्टार्च कडक होतो, त्यामुळे भिजल्यावरही जाळी कोसळत नाही. आणि वरून थोडं पाणी उडून जातं, त्यामुळे दुधाला आत जागा मिळते. ताज्या ब्रेडमध्ये मुळातच वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. तो आधीच भरलेला असतो, त्यात आणखी किती मावणार? ताजा स्लाइस दुधात टाकला की पोटात घेण्याऐवजी अंगाबाहेर विरघळायला लागतो आणि उचलताना मधोमध फाटतो.

सकाळी उठल्यावर इच्छा झाली आणि घरात ताजाच ब्रेड असला तर ओव्हनचा आधार घ्यावा. साधारण १२० अंशांवर दहाएक मिनिटं स्लाइस ठेवले की रंग न बदलता कोरडे होतात. हा ब्रेड शिळा झालेला नसतो, नुसता वाळलेला असतो, पण दूध प्यायला तो तयार असतो. एक गोष्ट इथेच सांगतो. शिळा म्हणजे बुरशी आलेला नव्हे. एका स्लाइसवर ठिपका दिसला तर सगळा पाव टाकून द्यावा, कारण बुरशीचे धागे ठिपक्याच्या पलीकडे आत पोचलेले असतात.

जाडीबद्दल माझा आग्रह आहे. सँडविचचा पातळ स्लाइस चालतो, आणि घाईच्या सकाळी तोच हाताशी असतो. पण या पदार्थाचं सुख हवं असेल तर अख्खा पाव आणून दोन सेंटीमीटरचे काप स्वतः करावेत. पातळ स्लाइसला आत असा काही उरतच नाही, दोन्ही बाजूंचे खरपूस थर जवळजवळ एकमेकांना भेटतात.

ब्रेड दुधात भिजवून तळायची कल्पना फार जुनी आहे. आपिकियुस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात ती सापडते: पांढऱ्या ब्रेडची कड काढायची, मोठे तुकडे करायचे, दुधात भिजवायचे, तेलात तळायचे, वर मध घालायचा. त्यात अंडं नाही. पंधराव्या शतकातल्या इटलीत मार्तिनो नावाच्या स्वयंपाक्याने लिहून ठेवलेल्या कृतीत मात्र फेटलेली अंडी आहेत, साखर आहे, गुलाबपाणी आहे आणि वरून केशरही आहे. रोमन स्वयंपाक्याच्या तुकड्यांत दूध आत राहत असेल ते केवळ ब्रेडच्या भरवशावर. अंडं आल्यावर ते दूध आतल्या आत धरून ठेवणारं कोणीतरी आलं. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासात याहून मोठी घटना घडलेली नाही.

कारण बघा, कवच काढलेलं अंडं साधारण ५० ग्रॅमचं असतं आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. दुधात तर ८७ टक्के पाणी. एवढ्या सगळ्या पाण्याला घट्ट करण्याची जबाबदारी कोणावर, तर अंड्यातल्या जेमतेम सहा ग्रॅम प्रथिनांवर. उष्णता लागली की या प्रथिनांची गुंडाळी सुटते, ती एकमेकांत अडकतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि त्यात पाणी अडकून बसतं. नुसता पांढरा भाग साठ अंशांच्या जरा पुढेच घट्ट व्हायला लागतो. त्यात दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं एकमेकांपासून लांब जातात, त्यांना भेटायला जास्त उष्णता लागते, आणि मिश्रण ऐंशीच्या आसपास बसतं. दूध जितकं जास्त, तितकं कस्टर्ड नाजूक, आणि तितकीच ते कच्चं राहण्याची भीती. अंडं जास्त झालं की ब्रेड ऑम्लेटमध्ये गुंडाळल्यासारखा लागतो. मला दोन अंड्यांना १२० मिलिलिटर दूध हे प्रमाण बरोबर वाटतं. त्यात चार साधे किंवा दोन जाड स्लाइस नीट भिजतात.

फेटण्याचा क्रम ठरवून घ्यावा. आधी नुसती अंडी आणि चिमूटभर मीठ. मिठाने पांढऱ्या भागातला चिकट ताण सैल होतो आणि गोडवाही खुलतो. काटा उचलल्यावर पांढऱ्याची तार लोंबत असेल तर अजून फेटायला हवं, कारण ती तार ब्रेडच्या जाळीत शिरत नाही, वरच राहते आणि तव्यावर तिचा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा डाग उठतो. मग एक चमचा साखर. जास्त नको, साखर आतल्या भागाआधी जळते. दालचिनी आवडत असेल तर तिची पूड याच वेळी, साखरेत घोळवून, अंड्यात फेटून घ्यायची. दूध घातल्यावर टाकली तर ती पाणी झिडकारून वर तरंगते आणि सगळी पहिल्याच स्लाइसला जाऊन चिकटते. सगळ्यात शेवटी दूध, तेही फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेलं.

व्हॅनिलाचे दोन थेंब मी कधी घालतो, कधी नाही. घालतो तेव्हा मला थिओडोर गोब्ली आठवतो. हा पॅरिसमधला औषधशास्त्रज्ञ. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन त्याने १८४० च्या दशकात वेगळं काढलं. तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवणारा पदार्थ तो हाच. आणि याच माणसाने १८५८ मध्ये व्हॅनिलाच्या शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन, म्हणजे तिच्या वासाचा मुख्य घटक, मिळवलं. सकाळच्या एका वाडग्यात एकाच माणसाचे दोन शोध एकत्र फेटले जातात, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

आता भिजवणं. माझ्या दृष्टीने सगळी कृती इथेच आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती एका वाक्यात उरकलेली असते: ब्रेड मिश्रणात बुडवून घ्या. बुडवून काय होणार? मिश्रणाला आत जायला वेळ लागतो. ब्रेडची जाळी बारीक भोकांची असते, भोकांमध्ये हवा असते, ती बाहेर पडल्याशिवाय दूध आत कसं जाणार? पसरट भांड्यात स्लाइस आडवा ठेवला आणि नुसतं बघत राहिलं, की कडेने बारीक बुडबुडे निघताना दिसतात. ते थांबले की एक बाजू पुरती प्यायली. मग हलक्या हाताने उलटायचा. शिळ्या पातळ स्लाइसला प्रत्येक बाजूला पंधरा-वीस सेकंद पुरतात, दोन सेंटीमीटरच्या कापाला मिनिटभर, कधी त्याहून जास्त. घड्याळापेक्षा हाताला विचारावं. स्लाइस उलथन्यावर घेतला की जड लागला पाहिजे, टोकं किंचित खाली झुकली पाहिजेत, पण मधून फाटता कामा नये. मधोमध बोटाने दाबून बघावं, आत कोरडी गाठ लागली तर परत ठेवावा.

भिजल्यावर मी त्याला थेट तव्यावर टाकत नाही. जाळीवर किंवा ताटलीत मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवतो. वरचं जास्तीचं मिश्रण निथळतं आणि आत गेलेलं मधल्या भागात मुरतं. हे मुरणं कोणी लिहून ठेवत नाही, पण त्यानेच आतला रंग एकसारखा येतो. स्पेनमध्ये याच जातीचा तोरिहास नावाचा पदार्थ करतात, त्यात ब्रेड आधी दालचिनी आणि लिंबाच्या सालीचा वास लावलेल्या दुधात भिजवतात, आणि तळायच्या आधी अंड्यात घोळवतात. आत दूध, बाहेर अंडं, अशी स्वच्छ वाटणी. तीही सुंदर रीत आहे. मी मात्र अंडं आतही गेलेलं पसंत करतो, कारण मला मधला भाग बसलेला हवा असतो.

तव्यावर लोणी टाकलं की ते वितळतं आणि फेसाळतं. फेस म्हणजे लोण्यातलं पाणी उडून जातंय. लोण्याचा सहावा-सातवा हिस्सा पाणीच असतो, आणि ते असेपर्यंत ब्रेड तळला जात नाही, उकडला जातो. फेस ओसरला, चुरचुर कमी झाली, वास किंचित खमंग झाला की स्लाइस ठेवायची वेळ. आणखी थांबलं तर लोण्यातले दुधाचे कण काळे पडायला लागतात. थोडं तेल घातलं की लोणी जळत नाही, असं म्हणतात. ते खरं नाही. तेलाने ते कण विरळ होतात इतकंच, जळायचे तेव्हा जळतातच. कण काढून टाकलेलं लोणी, म्हणजे तूप, वापरलं तर जळायची भीती जाते, पण त्या कणांच्या खमंगपणालाही आपण मुकतो. मी लोण्यावरच ठाम आहे, आणि प्रत्येक खेपेनंतर तवा कागदाने पुसून नवीन लोणी घालतो.

आणि आच मध्यमपेक्षा जरा कमी. इथे दोन वेगळी कामं एकाच वेळी पुरी व्हायची असतात. वरचा खरपूसपणा लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेल्या प्रक्रियेतून येतो. प्रथिनं आणि साखर उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार करतात. त्याला १४० अंशांच्या आसपासची उष्णता हवी, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आधी उडून जायला हवं. आतल्या कस्टर्डला मात्र ऐंशी पुरे. वरचा थर रंगावर यायला आणि मधला भाग ऐंशीपर्यंत पोचायला सारखाच वेळ लागला पाहिजे, आणि ओल्या ब्रेडमधून उष्णता फार सावकाश आत जाते. मोठ्या आचेवर वरचं काम मिनिटात संपतं आणि आतलं सुरूही झालेलं नसतं. मंद आचेवर दर बाजूला तीन मिनिटं, जाड कापाला चार-पाच. जाड कापावर शेवटचा मिनिटभर झाकण ठेवावं. मधल्या भागात फुगीरपणा आला, की आतलं पाणी वाफ व्हायला लागलं आणि काम होत आलं.

आतून शिजण्याबद्दल मी इतका आग्रही झालो, त्याला बाबा कारण आहेत. मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांची भूक पार गेली होती. चावायचा कंटाळा, वासाचा कंटाळा, ताट समोर आलं की मान फिरवायचे. त्या महिन्यांमध्ये त्यांनी स्वतःहून मागितलेला एकमेव पदार्थ हा होता. कड काढलेला एक जाड काप, अगदी मऊ, वर काहीही नाही. अशक्त माणसाला अर्धकच्चं अंडं देऊ नये. अंड्याचे पदार्थ आतपर्यंत ७१-७२ अंशांवर पोचले की सुरक्षित मानतात, म्हणून मी तेव्हा छोटा तापमापक आणला आणि प्रत्येक कापाच्या पोटात तो खुपसून बघायचो. ऐंशीवर काटा दिसला की निर्धास्त.

"बाबा, अजून एक करू?"

"अर्धा कर."

"अर्धा कसा करणार? अख्खा करतो, उरलेला मी खाईन."

"मग तू आधी खा. गरम आहे तोवर."

ते अर्धा खायचे. कधी पाऊण. एका कापात अंडं, दूध आणि ब्रेड एवढं सगळं पोटात जातंय, याचं मला जे समाधान वाटायचं, ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनीही कधी चवीबद्दल काही म्हटलं नाही. फक्त एकदा, कापाचा मधला भाग चमच्याने उचलून बघत म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, कोणी नाही, करता करता आलं. "चांगलं आलं," म्हणाले आणि तो चमचा तोंडात घातला.

वर काय घालावं, यावर मी फार बोलणार नाही. मध, पिठीसाखर, फळं, ज्याला जे हवं ते. आतला भाग नीट झाला असेल तर कशाचीच गरज पडत नाही, आणि नीट झाला नसेल तर मधाची अख्खी बाटली ओतूनही तो सुधारत नाही. गोड नको असणाऱ्यांसाठी साखर आणि व्हॅनिला गाळून मिरपूड घालावी, बाकी सगळं हेच. रीत बदलत नाही.

फ्रेंच टोस्ट थांबवून ठेवता येत नाही, याकडे मात्र लक्ष हवं. तव्यावरून उतरल्यावर आतली वाफ बाहेर यायला लागते आणि खरपूस थर पाचेक मिनिटांत मऊ पडतो. एकावर एक रचले तर खालचे त्याहून लवकर जातात. जाळीवर सुटे ठेवून साधारण ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवले तर वीस मिनिटं निभतं. पण मला ते आवडत नाही. माझ्या घरी ज्याचा झाला त्याने लगेच खायचा, कोणी कोणासाठी थांबायचं नाही, आणि करणाऱ्याने शेवटी. माणसं चारपेक्षा जास्त असली की मी दोन तवे चढवतो, एकावर पहिली बाजू, दुसऱ्यावर दुसरी. आणि माझा स्वतःचा काप सगळ्यांचं झाल्यावर. वाडग्यात उरलेलं मिश्रण सगळं पिऊ देऊन, मोठी आच करायचा मोह टाळून, पूर्ण वेळ देऊन.